साईट अमेरिकेच्या सर्व्हरवर अन वाचणारे काटोल-नरखेडचे, सीडीएन लावल्यानं खरंच फरक पडते का?

कळमना_भाव:

नमस्कार मंडळी. मी कळमना मार्केटच्या रोजच्या भावाची साईट चालवतो, संत्रा, तूर, चना, सोयाबीन, मिरची असं सगळं. सकाळी लिलाव सुरू झाले की आमचा माणूस यार्डातून भाव अन मालाचे फोटो पाठवते, मी ते वर्डप्रेसमध्ये चढवतो. वाचणारे जवळपास सगळे आपल्याच भागातले, काटोल, नरखेड, सावनेर, उमरेड, तिकडे वरूड अन हिंगणघाटपर्यंत. थोडी पुण्या-मुंबईला नोकरीवर असलेली पोरं आहेत, ते तिथून भाव पाहून घरी फोन करतात की बाबा आज गाडी भरू नका, उद्या पाहू.

अडचण अशी की साईट भल्ली हळू उघडते. माझ्या ऑफिसच्या ब्रॉडबँडवर चार-पाच सेकंद लागतात, ते एकवेळ चालून जाते, पण नरखेडकडे मोबाईलवर उघडली तर आठ-दहा सेकंद नुसता पांढरा स्क्रीन, मग मेनू येते, मग फोटो एकेक करत उतरतात अन भावाचा तक्ता सगळ्यात शेवटी. शेतकरी माणूस तेवढा थांबत नाही, तो सरळ मलाच फोन लावते. सकाळी दहा-अकराच्या मधात सगळे एकदम पाहतात तेव्हा तर कधी कधी उघडतच नाही. आता अंबिया बहाराचा माल सुरू होईल, तेव्हा काय होईल याचं मला खरंच टेन्शन येऊन राहिलं, कारण ज्या दिवशी भाव तुटते त्याच दिवशी तो माणसाला वेळेवर कळायला पाहिजे.

होस्टिंग वर्षाच्या स्वस्त प्लॅनचं आहे, सर्व्हर अमेरिकेत व्हर्जिनियाला. होस्टिंगवाले म्हणतात मोठा प्लॅन घ्या, मेमरी वाढवा. ओळखीचा एक जण म्हणते प्लॅन राहू द्या, सीडीएन म्हणजे कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क लावा. मला हे समजून घ्यायचं आहे की सीडीएननं फास्ट होते ते कशामुळे, सर्व्हर तर माझा तिथंच राहणार ना? नागपूर-काटोलला त्याचा फायदा मिळते की ते फक्त मुंबई-बंगलोरवाल्यांचं काम आहे? अन सगळ्यात मोठी भीती जुन्या भावाची. कॅश म्हणजे साठवून ठेवलेली कॉपी, मग मी साडेदहाला भाव बदलला अन काटोलच्या माणसाला कालचाच दिसत राहिला तर त्याच्यापेक्षा हळू साईट परवडली. सविस्तर सांगा, वाचायची तयारी आहे.


वर्धारोड_नेटवर्क:

भाऊ, अंतरापासून सुरू करू. नागपूर ते व्हर्जिनिया सरळ रेषेत मोजलं तरी जवळपास १३ हजार किलोमीटर होते. फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जाते, म्हणजे १ मिलिसेकंदात २०० किलोमीटर. एकदा जाऊन परत यायचं म्हटलं तर १३० मिलिसेकंद तर नुसते प्रकाशालाच लागतात, अन हे कागदावरचं झालं, कारण केबल सरळ रेषेत टाकलेली नसते. तुमची रिक्वेस्ट आधी मुंबईला जाणार, तिथून अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र, युरोप अन मग अटलांटिक, नाहीतर उलट बाजूनं चेन्नई, सिंगापूर अन पॅसिफिक. म्हणून आपल्याकडून तिथला पिंग, म्हणजे एका फेरीचा वेळ, २०० मिलिसेकंदाच्या खाली क्वचित दिसते, बहुतेक २२० ते २५० मध्येच असते. मेमरी डबल करा नाहीतर चौपट करा, हा आकडा एका मिलिसेकंदानंही हलणार नाही.

आता तुम्ही म्हणाल २४० मिलिसेकंद म्हणजे पाव सेकंद, त्यानं काय होते. होते असं की फेरी एक नसते. मोबाईलनं सर्व्हरशी आधी टीसीपी कनेक्शन जोडायचं, ही एक फेरी. मग एचटीटीपीएसचं कुलूप लावायचं, म्हणजे टीएलएस, ते २०१८ मध्ये आलेलं १.३ व्हर्जन असेल तर एक फेरी अन जुनं १.२ असेल तर दोन. मग कुठं जाऊन "पेज दे" ही विनंती, ती आणखी एक. तीन फेऱ्या धरल्या तरी ७२० मिलिसेकंद गेले अन स्क्रीनवर एक अक्षर नाही, सर्व्हरनं विचार करायला घेतलेला वेळ तर अजून मोजलाच नाही.

अन याच्या पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत नसते पण माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. नवीन कनेक्शनवर सर्व्हर एकदम पूर्ण फाईल ओतत नाही, मधला रस्ता किती रुंद आहे हे त्याला माहीत नसते ना, म्हणून पहिल्यांदा साधारण १० पॅकेट (डेटाचे लहान तुकडे) म्हणजे १४ केबीच्या आसपास सोडते, पोच आली की दुप्पट, परत पोच आली की परत दुप्पट. याला स्लो स्टार्ट म्हणतात. ३०० केबीचा एक फोटो असा पूर्ण यायला पाच फेऱ्या लागतात. व्हर्जिनियाहून पाच फेऱ्या म्हणजे सव्वा सेकंद. तुमचं ब्रॉडबँड १०० एमबीपीएसचं असो की ३०० चं, या पहिल्या फेऱ्यांमध्ये ती स्पीड वापरलीच जात नाही, लाईन रिकामी पडून राहते अन दोन्ही बाजू एकमेकांच्या पोचेची वाट पाहत राहतात. तोच फोटो मुंबईतून आला, तिथला पिंग २० धरा, तर पाच फेऱ्या १०० मिलिसेकंदात संपतात. फाईल तीच, मोबाईल तोच, टॉवर तोच.

सीडीएन एवढंच करते की तुमच्या फायलींच्या कॉपी वाचणाऱ्याच्या जवळ आणून ठेवते. महाबीजचं बियाणं घ्यायला काटोलचा माणूस अकोल्याला जात नाही, गावच्या कृषी केंद्रात पोतं आधीच येऊन पडलेलं असते, तसं. पहिल्या माणसानं मागितलं तेव्हा कॉपी नसते, तेव्हा सीडीएन तुमच्या अमेरिकेतल्या सर्व्हरकडून आणते अन जाताजाता स्वतःकडे ठेवून घेते, त्याला मिस म्हणतात. पुढच्या सगळ्यांना तिथूनच मिळते, ते हिट.

ही कल्पना काही आजची नाही. नव्वदच्या दशकात वेब गर्दीनं तुंबायला लागलं तेव्हा एमआयटीतले गणिताचे प्रोफेसर टॉम लेटन अन त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी यावर काम केलं. १९९७ मध्ये कन्सिस्टंट हॅशिंगचा पेपर आला अन १९९८ मध्ये त्यातून अकामाई कंपनी निघाली. त्या पेपरातला मुद्दा असा की हजारो मशीनपैकी कोणती फाईल कोणत्या मशीनवर ठेवायची हे असं ठरवायचं की एखादं मशीन बंद पडलं तर फक्त त्याच्याच वाट्याच्या फायली दुसरीकडे जातील, बाकीची सगळी मांडामांड जागच्या जागी राहील. लेविन ११ सप्टेंबर २००१ ला अपहरण झालेल्या पहिल्या विमानात होते, जेमतेम ३१ वर्षांचे. आपण रोज नेट वापरतो त्याच्या मागं अशी माणसं आहेत हे लोकांना माहीत असायला पाहिजे असं मला नेहमी वाटते.

नागपूरचं विचारलं तर, झिरो माईलचा दगड आपल्याकडे असला तरी नेटच्या नकाशावर आपण मध्यभागी नाही. समुद्री केबल मुंबई, चेन्नई, कोची अशा किनाऱ्यांवर उतरतात, त्यामुळं मोठे डेटा सेंटर तिकडेच झाले अन आपला ट्राफिक बहुतेक मुंबईमार्गे जाते. तरी ८०० किलोमीटरवरची मुंबई म्हणजे १५ ते २५ मिलिसेकंद. अन काही कंपन्यांनी आता लहान शहरांतही मशीन ठेवल्या आहेत. नेटफ्लिक्स तर २०११ पासून ओपन कनेक्ट नावाचे स्वतःचे डबे थेट इंटरनेट कंपन्यांच्या खोलीत नेऊन ठेवते. थोडक्यात मोठा प्लॅन घेऊ नका, सीडीएन लावा.


धरमपेठ_डेव्ह:

वरच्या दादांचं अंतराचं गणित बरोबर आहे पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. अंतराचा हिशोब काढला तर पहिला बाईट यायला पाऊण सेकंद, तुमचं पेज आठ-दहा सेकंद घेतंय. उरलेला वेळ कुठे जातोय हे न मोजता सीडीएन लावला तर महिनाभरानं तुम्हीच म्हणाल की काही फरक पडला नाही. आणि असं म्हणणारे खूप भेटतात.

कॉम्प्युटरवर क्रोममध्ये साईट उघडा, एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये जा, कॅश बंदची टिक लावा आणि पेज रिफ्रेश करा. यादीत सगळ्यात वर तुमचं पेज असेल, त्यावर क्लिक करून टायमिंग पाहा. तिथे "वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स" समोरचा आकडा बघा. पिंग २४० असेल आणि हा आकडा ३०० असेल तर सर्व्हर ठीक आहे, दोष अंतराचा आणि फायलींचा. पण तिथे दोन-तीन सेकंद दिसले तर याचा अर्थ वर्डप्रेस प्रत्येक माणसासाठी पेज नव्यानं शिजवतंय, पीएचपी चालतंय, डेटाबेसमध्ये शंभर क्वेरी जातायत, आणि शेअर्ड होस्टिंगवर त्याच मशीनवर अजून कितीतरी साईट बसल्या आहेत. सकाळी दहाला उघडतच नाही ते यामुळेच असणार.

आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. क्लाउडफ्लेअर (हा एक सीडीएन) नुसतं चालू केलं तर ते फोटो, सीएसएस, जावास्क्रिप्ट अशा फायली साठवतं, एचटीएमएल, म्हणजे मजकुराचं मूळ पेज, आपणहून साठवत नाही. म्हणजे तुमचा भावाचा तक्ता प्रत्येक वेळी व्हर्जिनियाहूनच येणार, जोपर्यंत तुम्ही वेगळा नियम लिहून पेज कॅश करायला सांगत नाही. थोडा फायदा तरीही होतो, कारण टीसीपी आणि टीएलएसच्या फेऱ्या मुंबईतल्या मशीनशी होतात आणि मुंबई ते अमेरिका कनेक्शन सीडीएननं आधीच जोडून गरम ठेवलेलं असतं, म्हणजे ७२० ऐवजी ३०० च्या आसपास. पण शिजवायचे तीन सेकंद तसेच राहतात.

दुसरं फोटो. यार्डातून मोबाईलनं काढलेला फोटो तसाच चढवत असाल तर एकेक तीन-चार एमबीचा असणार, आणि दिसतो केवढा, तर अर्ध्या तळहाताएवढा. रुंदी ८०० पिक्सेल करा, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करा, बहुतेक फोटो १०० केबीच्या खाली येतात. चार एमबीचा फोटो काटोलच्याच टॉवरखाली आणून ठेवला तरी शेवटी तो त्या शेतकऱ्याच्या रेंजमधूनच उतरणार आहे, मोबाईल ते टॉवर हा तुकडा कुठलाही सीडीएन लहान करू शकत नाही. तक्ता पेजमध्ये सगळ्यात वर घ्या आणि खालच्या फोटोंना लेझी लोडिंग लावा, म्हणजे वाचणारा खाली सरकला तरच ते उतरतील.

तिसरं, जेक्वेरी (तयार जावास्क्रिप्ट कोड) आणि फॉन्ट तीन-चार बाहेरच्या पत्त्यांवरून येत असतील तर तुमच्या स्वतःच्या डोमेनवर आणा. पूर्वी सांगायचे की सगळ्यांची कॉमन लिंक वापरा म्हणजे दुसऱ्या साईटमुळे ती फाईल मोबाईलमध्ये आधीच असेल. ते आता खरं राहिलं नाही. क्रोमनं २०२० च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक साईटची कॅश वेगळी केली, सफारीनं त्याच्याही कितीतरी आधी. आता उरतं फक्त नुकसान, प्रत्येक नव्या डोमेनसाठी परत डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), परत टीसीपी, परत टीएलएस.

आणि मूळ प्रश्न, वाचणारे सगळे विदर्भातले तर सर्व्हर अमेरिकेत कशाला? ॲमेझॉनची मुंबई रीजन, म्हणजे तिथली डेटा सेंटर, २०१६ पासून आहे, हैदराबादची २०२२ पासून, आणि भारतात सर्व्हर देणाऱ्या बाकीच्याही भरपूर कंपन्या आहेत. सर्व्हर मुंबईत आणला तर जे पेज कॅश करताच येत नाही तेही जवळ येतं. तुमच्यासारख्या एकाच भागातल्या साईटला हा उपाय पहिला, सीडीएन त्याच्यावर.


कळमना_भाव:

दोघांचेही मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगत नाही. मोजलं. पिंग २३८ येते. वेटिंगचा आकडा २.६ सेकंद, सकाळी गर्दीच्या वेळी मोजला तर पाचच्या वर गेला. फोटो खरंच तीन-तीन एमबीचे आहेत, अन फॉन्टसाठी दोन अन स्लायडरसाठी एक अशा बाहेरच्या लिंक निघाल्या. म्हणजे तुमचं दोघांचंही खरं आहे.

फोटोचं आजच करतो. सर्व्हर हलवायला थोडा वेळ लागेल कारण प्लॅनचे पैसे भरलेले आहेत, तोपर्यंत सीडीएन लावून पेज कॅश करतो म्हणतो. पण भाव जुना दिसायचा प्रश्न तसाच आहे. अन आणखी एक, साईटवर अडत्यांसाठी लॉगिन आहे, त्यात ज्याची त्याची हिशोबपट्टी दिसते. ते कॅश झालं अन एकाची पट्टी दुसऱ्याला दिसली तर माझं मार्केटमध्ये तोंड दाखवणं मुश्कील होईल.


धरमपेठ_डेव्ह:

तुमची दुसरी भीती पहिल्यापेक्षा मोठी आहे आणि ती अगदी रास्त आहे. २०१५ च्या ख्रिसमसला स्टीम या गेमच्या दुकानात हेच झालं होतं. साईटवर हल्ला सुरू होता, तो थोपवायला कॅशचे नियम घाईघाईत बदलले, त्यात चूक राहिली आणि लोकांना दुसऱ्यांच्या अकाऊंटची पानं दिसायला लागली. साधारण ३४ हजार लोकांची माहिती अशी दिसली असावी असं कंपनीनंच नंतर सांगितलं. एवढ्या मोठ्यांचं झालं तर आपण नियम लिहिताना डोळ्यात तेल घालून लिहायला हवेत.

तर लॉगिनची सगळी पानं वेगळ्या पत्त्याखाली ठेवा, समजा स्लॅश आडत, आणि त्या पानांना सर्व्हरकडूनच कॅश-कंट्रोल हेडरमध्ये (पेजसोबत जाणारी सूचनेची ओळ) प्रायव्हेट आणि नो-स्टोअर पाठवा. सीडीएनमध्येही नियम टाका की हा पत्ता असेल किंवा वर्डप्रेसची लॉगिन कुकी असेल तर कॅश पूर्ण बायपास. दोन्हीकडे टाका, एकावर विसंबू नका, उद्या कोणी एक नियम उडवला तर दुसरा उभा असेल. मग दोन वेगळ्या फोनवर दोन अडत्यांच्या नावानं लॉगिन करून, पानं उलटसुलट उघडून स्वतः तपासा, आणि हे तपासल्याशिवाय पेज कॅशिंग चालू करूच नका.

आता भाव. कॅशमध्ये वस्तू किती वेळ ठेवायची हे तुम्ही ठरवता, सीडीएन नाही. त्याच हेडरमध्ये दोन वेगळे आकडे देता येतात. मॅक्स-एज हा वाचणाऱ्याच्या मोबाईलसाठी, एस-मॅक्सएज हा सीडीएनसाठी. भावाच्या पेजला मोबाईलचा आकडा शून्य ठेवा, म्हणजे मोबाईल प्रत्येक वेळी विचारेल, आणि सीडीएनचा ६० सेकंद. हे महत्त्वाचं अशासाठी की सीडीएनमधली कॉपी तुम्ही हवी तेव्हा पुसू शकता, पण एकदा काटोलच्या माणसाच्या मोबाईलमध्ये दिवसभरासाठी गेलेली कॉपी तुमच्या हातात राहत नाही. साठ सेकंद ठेवले तर सगळ्यात वाईट म्हणजे भाव एक मिनिट जुना. तोही नको असेल तर पर्ज लावा. वर्डप्रेसमध्ये असे प्लगइन मिळतात की तुम्ही अपडेटचं बटन दाबलं की सीडीएनला निरोप जातो, ती कॉपी काढून टाक, आणि काही सेकंदांत सगळीकडून निघते. पर्ज आणि साठ सेकंद दोन्ही ठेवा, निरोप कधी पोचला नाही तर मिनिटानं ती आपोआप शिळी होईल. आणि तक्त्याच्या वर भाव टाकल्याची वेळ ठळक लिहा, "आज सकाळी १०:३२" असं. ती सीडीएन असो नसो, भावाच्या साईटवर असायलाच पाहिजे.

फोटोंचं उलट. फोटो बदलत नाही, नवीन येतो. म्हणून प्रत्येक फोटोच्या नावात तारीख आणि वेळ टाका आणि त्याला वर्षभराचा आकडा द्या. तेच नाव परत कधी वापरू नका, मग जुना फोटो दिसायचा प्रश्नच येत नाही.

साठ सेकंद ऐकायला कमी वाटतात पण गर्दीत काय होतं पाहा. दहा वाजता मिनिटाला तीनशे जण आले तर आज तुमचा सर्व्हर तीनशे वेळा पेज शिजवतो. कॅश चालू केल्यावर मुंबईच्या मशीनसाठी मिनिटाला एकदा. आणि कॉपी शिळी झाल्याच्या क्षणी एकदम चाळीस जण आले तरी चांगला सीडीएन चाळीस विनंत्या मागे पाठवत नाही, एकच पाठवतो आणि बाकीच्यांना त्याच उत्तरातून देतो. मोठ्या मॅचला हेच चालतं. १९ नोव्हेंबर २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते, तेवढ्यांना मूळ सर्व्हरनं एकेक करून व्हिडिओ द्यायचा म्हटलं तर जगात तसा सर्व्हर नाही. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा जागोजागच्या सीडीएनमधून हजारोंना वाटला जातो. तुमचे दहा ते अकरा हे त्याच जातीचं दुखणं आहे, फक्त आकार लहान.


काटोलचा_पोट्टा:

भाऊ मी तुमची साईट रोज पाहतो, आमची संत्र्याची बाग आहे, म्हणून हे सगळं वाचून भल्लं बरं वाटलं. दोन गोष्टी सांगतो ज्या शहरात बसून दिसत नाहीत.

एक, आमच्याकडे शेतात उभं राहून पाहिलं तर टॉवरपर्यंतच पिंग ५०-६० जाते, पावसात तर विचारूच नका, मधात पॅकेट पडतात. अशा वेळी टीसीपीवर एक पॅकेट हरवलं की मागचं सगळं अडकून राहते. एचटीटीपी/३ मध्ये, म्हणजे पेज पाठवायच्या पद्धतीच्या नव्या व्हर्जनमध्ये, ते तसं नाही होत, एका फाईलचं पॅकेट पडलं तर दुसऱ्या फाईल येत राहतात, अन टीसीपी-टीएलएसच्या दोन वेगळ्या फेऱ्यांऐवजी एकाच फेरीत काम भागते. हे २०२२ मध्ये स्टँडर्ड झालं. तुमच्या अमेरिकेतल्या सर्व्हरवर नसलं तरी चालते, सीडीएनमध्ये चालू करा, मोबाईल ते सीडीएन हाच तुकडा खराब असते अन तिथंच ते कामी येते. माझ्या मते शेतकऱ्याला फोटो लहान करण्याच्या खालोखाल यानंच फरक जाणवेल.

दोन, जवळचं मशीनच मिळेल असं धरून चालू नका. क्लाउडफ्लेअर लावलं की तुमच्या साईटच्या पत्त्यापुढं स्लॅश सीडीएन-सीजीआय स्लॅश ट्रेस टाकून उघडा, तिथं कोलो नावाच्या ओळीत विमानतळाचा तीन अक्षरी कोड येते. मुंबईला बीओएम, नागपूरला एनएजी, चेन्नईला एमएए, सिंगापूरला एसआयएन. कोण कुठं जाईल हे तुमच्या इंटरनेट कंपनीचे अन सीडीएनचे आपसात कुठं कनेक्शन आहेत त्यावर ठरते, नकाशावरच्या अंतरावर नाही. फुकटच्या प्लॅनवर काही नेटवर्कवरून देशाबाहेर गेलेलं मी पाहिलं आहे, मग काटोलची रिक्वेस्ट सिंगापूरला जाऊन येते. म्हणून तुमच्या ऑफिसातून पाहून समाधान मानू नका, तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती लिंक टाका अन नरखेड, वरूड, उमरेडच्या लोकांकडून वेगवेगळ्या सिमवर स्क्रीनशॉट मागवा. लोक पाठवतात, मी तर आजच पाठवतो.


वर्धारोड_नेटवर्क:

काटोलच्या भावानं सांगितलं त्यात थोडं जोडतो. जवळचं मशीन शोधायच्या दोन पद्धती आहेत. एकीत सगळ्या जगातल्या मशीनना एकच आयपी पत्ता असते अन रस्ता ठरवणारे राउटर तुम्हाला त्यांच्या हिशोबानं जवळच्याकडे पोचवतात, ते एनीकास्ट. दुसरीत डीएनएस विचारलं की जो जवळचा दिसते त्याचा पत्ता मिळते. या दुसऱ्या पद्धतीत सीडीएनला बऱ्याच वेळा तुमचा मोबाईल दिसत नाही, तुमचा डीएनएस सर्व्हर दिसते. कोणी मोबाईलमध्ये लांबचा डीएनएस टाकून ठेवला असेल तर तो माणूस नागपुरात बसून दुसऱ्याच देशातल्या मशीनकडे जाऊ शकते. म्हणून कोणाची एकट्याची तक्रार आली तर आधी त्याची डीएनएस सेटिंग पाहा.

अन धरमपेठवाल्यांचं सर्व्हर मुंबईत आणायचं मला पटलं, याच केसमध्ये जास्त पटलं, कारण लहान साईटचा एक प्रॉब्लेम असते. सीडीएनच्या मशीनमध्ये जागा सगळ्यांची मिळून असते, ज्या फायली कमी मागितल्या जातात त्या मुदत असूनही काढून टाकल्या जातात. तुमचा कालचा भावाचा तक्ता दुपारी दोन वाजता कोणी पाहिला तर मिस होण्याची शक्यता बरीच, अन मिस झालं की परत अमेरिका. सर्व्हर मुंबईत असला तर ते मिससुद्धा स्वस्तात पडते.


कळमना_भाव:

आता चित्र क्लिअर झालं. फोटो लहान केले, तक्ता वर घेतला, स्लायडर काढूनच टाकला, तो कोणाला पाहिजे होता काय माहीत. नुसत्या एवढ्यानंच काटोलच्या भावाकडून साडेतीन सेकंदात तक्ता दिसला असा मेसेज आला. या हप्त्यात आडतची पानं वेगळी करून दोन फोनवर तपासतो, मग पेज कॅशिंग, अन प्लॅन संपायच्या आत मुंबईचा सर्व्हर.

एकच राहिलं. सगळं सीडीएनमधून जायला लागलं अन तेच बंद पडलं तर? माझा सर्व्हर चालू असूनही साईट दिसणार नाही ना?


धरमपेठ_डेव्ह:

नाही दिसणार. ८ जून २०२१ ला फास्टली नावाच्या सीडीएनचं असंच झालं. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बग झोपून होता, एका ग्राहकानं स्वतःची अगदी वैध सेटिंग बदलली आणि तो जागा झाला, जगातल्या मोठमोठ्या बातम्यांच्या साईट एकदम गेल्या. ४९ मिनिटांत त्यांचं ९५ टक्के नेटवर्क परत आलं. तरी तुमच्या शेअर्ड होस्टिंगपेक्षा मोठे सीडीएन कमी वेळा पडतात, त्यामुळे या भीतीनं थांबू नका.

तयारी एवढी ठेवा की सीडीएन बाजूला काढून साईट थेट सर्व्हरवर वळवता आली पाहिजे. क्लाउडफ्लेअर घेतलं तर डोमेनचे नेमसर्व्हर (साईटचं नाव कोणत्या पत्त्यावर न्यायचं हे सांगणारे) त्यांच्याकडे जातात, आणि ते परत फिरवायचं काम जिथून डोमेन घेतलं तिथल्या लॉगिनमधूनच होतं, शिवाय बदल सगळीकडे पोचायला काही तास जातात. बऱ्याच जणांचं ते लॉगिन साईट बनवून देणाऱ्याच्या ईमेलवर असतं आणि तो आता फोन उचलत नाही. तुमचं डोमेन कोणाच्या ईमेलवर आहे ते नेमसर्व्हर बदलायच्या आधी पाहून घ्या, आणि मुंबईच्या सर्व्हरवर गेलात की होस्टिंगचा रोजचा बॅकअप चालू आहे का तेही.


कळमना_भाव:

पाहिलं, डोमेन साईट बनवणाऱ्याच्याच ईमेलवर आहे. त्याचं दुकान सीताबर्डीलाच आहे, उद्या सकाळचे भाव चढवले की त्याच्याकडे जातो अन समोर बसून बदलून घेतो. नेमसर्व्हरला त्याच्यानंतरच हात लावतो.